रॅम्प घेण्याआधी

आमच्या धंद्यात हात शेवटपर्यंत साथ देतात. आधी जातात ते गुडघे आणि कंबर. उकिडवं बसून चेन काढायची, आडवं होऊन इंजिनाखाली बघायचं, हे विशीत चालतं. चाळिशीनंतर शरीर हिशेब मागतं. त्यामुळे गॅरेजात रॅम्प हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोल्हापुरात उद्यमनगर हाताशी असल्याने तो बनवून घेणारेही माझ्या ओळखीत आहेत आणि तयार आणणारेही. दोघांनाही मी हेच सांगतो.

1. आधी लॉक बघा.

विकणारा पॅडल मारून रॅम्पचं रिकामं टेबल झपकन वर नेतो आणि आपण खूश होतो. खरी परीक्षा वर थांबण्यात आहे. सिलिंडरमधलं तेल गाडी उचलतं. पण काम चालू असताना गाडी त्या तेलाच्या भरवशावर ठेवायची नसते. आतलं सील झिजलं की टेबल नकळत खाली बसत जातं, आणि पाइप फुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून टेबल हव्या त्या उंचीला नेऊन किंचित खाली सोडायचं आणि लोखंडी लॉकवर टेकवायचं. भार लोखंडावर आला की मगच खाली हात घालायचा. हाताने आडवी सळई घालायचं लॉक असतं, तसंच वर जाताना आपोआप पडत जाणारं दातेरी लॉकही असतं. दुसरंच घ्या. घाईच्या वेळी सळई घालायची राहते, आणि टेबलाखाली हात बहुधा सगळ्यात लहान पोराचा असतो. इथे पैशाची काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालतो.

आणि एकाच उंचीचं लॉक पुरत नाही. चाकाचं काम पूर्ण वर, इंजिनाचं त्याच्या खाली, हँडल-मीटरचं आणखी खाली. जितके टप्पे जास्त, तितकी कंबर सुखी.

2. वजनाचा आकडा सगळं सांगत नाही.

स्प्लेंडर 112 किलोची, क्लासिक 350 ही 195 किलोची, सुपर मिटिऑर 650 तर 241 किलोची. त्यावर कामाचा जोर येतो, अ‍ॅक्सलचा नट सोडवताना लांब पाना हिसकला जातो. दुप्पट क्षमता धरून चला. जड गाड्या येत असतील तर 500 किलो. पण कात्रीच्या रॅम्पची एक खोड आहे. पाय पूर्ण मिटलेले असताना ते जवळजवळ आडवे असतात, आणि सिलिंडरला सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो. अर्ध्यावरून वर नेणं त्याला सोपं जातं. त्यामुळे बघायला जाताना तुमच्याकडे येणारी सगळ्यात जड गाडी घेऊन जा आणि टेबल अगदी तळापासून उचलायला लावा. मग गाडी वर असतानाच टेबल हाताने आडवं हलवून बघा. सांध्यांतल्या पिना-बुश ढिल्या असतील तर तिथेच कळतं.

3. पुढचं चाक पकडणारा शिकंजा सरकणारा हवा.

ही गोष्ट फारसं कुणी बघत नाही. मागचं चाक सरळ खाली काढता यावं म्हणून चांगल्या टेबलाला मागे निघणारी पट्टी असते. मडगार्डाखालून चाक काढण्यासाठी गाडी तिरकी करायची कसरत तिने वाचते. पण स्प्लेंडरच्या दोन चाकांतलं अंतर 1236 मिमी आणि हिमालयन 450 चं 1510 मिमी. म्हणजे 27 सेंमीचा फरक. शिकंजा एकाच जागी जाम केलेला असेल तर एका गाडीचं मागचं चाक पट्टीवर येईल आणि दुसरीचं येणार नाही.

नुसत्या शिकंज्यावर विसंबूनही चालत नाही. हँडलजवळून दोन्ही बाजूंना रॅचेटचे पट्टे ओढून घ्यायचे, आणि ते टेबल खाली असतानाच. पुढचं चाक काढायचं असेल तर शिकंज्याचा उपयोगच संपतो; तेव्हा गाडी चेसिसखाली जॅकवर आणि पट्ट्यांवर उभी असते. पट्ट्यांचे हूक अडकवायला टेबलाला कड्या नसतील तर त्या वेल्डिंग करून घ्या.

4. जमीन.

अँकर बोल्ट शहाबादी फरशीत मारू नका, फरशी तडकते. निदान पाच-सहा इंचांचं पक्कं काँक्रीट हवं. टेबल जमिनीत बसवलं की गाडी सरळ आत ढकलता येते, स्कूटरचं पोट चढावर घासत नाही. ही सोय मोठी आहे. पण आमच्याकडच्या पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचतं. पाण्याला वाट काढायला जागा नसेल तर टेबल वरच ठेवा आणि चढायची पाटी लांब घ्या.

5. पायाने, हवेने की विजेने?

दिवसाला दोन-चार गाड्या असतील तर पायाचा पंप पुरे. गॅरेजात कॉम्प्रेसर असतोच, म्हणून हवेवर चालणारा पंप मला सोयीचा वाटतो. मात्र हवेने तेल ढकलणारा घ्या. निव्वळ हवेवर उभं टेबल अंग टेकवलं तरी डुलतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं, पावसाळ्यात तर चुकवायचंच नाही. विजेचा घेतलात तर वीज गेल्यावर टेबल हाताने सावकाश खाली आणायचा व्हॉल्व्ह आहे ना, ते स्वतः चालवून पाहा. गाडी वर, गिऱ्हाईक दारात आणि वीज गायब, हे आपल्याकडे ठरलेलं आहे.

6. घरच्यासाठी.

एकच गाडी, तीही स्वतःची, आणि काम चेन धुणं-ताणणं इतकंच असेल तर पॅडॉक स्टँड घ्या आणि पैसे वाचवा. टेबलाला सुमारे सात फूट बाय दोन फूट जागा लागते, शिवाय चारी बाजूंनी फिरायला वाट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्लॅबला भोकं पाडू नका. छोटा जॅक वापरणार असाल तर एक ध्यानात ठेवा: इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी बऱ्याचदा पाय ठेवायच्या जागेखाली असते. त्या पेटीला जॅक लावायचा नाही.

7. सील किट.

रॅम्प घ्याल त्याच दिवशी सिलिंडरच्या सीलचं किट घेऊन ठेवा. उद्यमनगरात बनवून घेत असाल तर सिलिंडर बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचाच बसवायला सांगा, म्हणजे पुढे सीलसाठी वणवण होणार नाही. तेल हायड्रोलिकचंच, बनवणारा सांगेल त्या ग्रेडचं. गाडीतून काढलेलं इंजिन ऑइल कधीही नाही. गाडी धुवायचा रॅम्प वेगळा ठेवा. आणि रात्री गॅरेज बंद करताना टेबल पूर्ण खाली करा, म्हणजे सिलिंडरचा दांडा आत राहतो. त्याच्यावर गंज चढला की पहिल्यांदा सील खातो.