आधी विचारा, ‘कधीपासून?’

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या परीक्षेची तयारी करणारी पनवेलची मुलंमुली माझ्याकडे शंका घेऊन येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात कुठल्या तरी क्लासच्या नोट्सची झेरॉक्स असते. एम.फिल.च्या वेळी माझ्याही हातात होती. तिच्यात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा डीएसएम आणि जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी, अशा दोन ग्रंथांचे निकष एकाच तक्त्यात कोंबले होते. स्किझोफ्रेनियापुढे नुसतं ‘६ महिने’ छापलेलं. तोंडी परीक्षेत तेच सांगितल्यावर परीक्षकांनी विचारलं, “कुठल्या ग्रंथाप्रमाणे?” त्याचं उत्तर त्या नोट्समध्ये नव्हतं.

ते असं आहे. डीएसएमप्रमाणे आजाराची चिन्हं एकूण ६ महिने दिसावी लागतात आणि त्यात ठळक लक्षणांचा १ महिना असावा लागतो. आयसीडी-११ला १ महिना पुरतो. डीएसएममध्ये १ महिन्याच्या आत सगळं ओसरलं तर ब्रीफ सायकॉटिक डिसऑर्डर, १ ते ६ महिन्यांमध्ये असेल तर स्किझोफ्रेनिफॉर्म. भास तेच, संशय तोच, पण काळ बदलला की निदानाचं नाव बदलतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की निदानाचा अभ्यास कालावधीपासून सुरू करा.

त्यासाठी आधी दोन ग्रंथांच्या दोन वह्या करा. डीएसएम-५ हा २०१३चा, त्याची सुधारित आवृत्ती २०२२ची. आयसीडी-११ लागू झाला १ जानेवारी २०२२ला. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ३ऱ्या कलमात मान्य वैद्यकीय मानकांसोबत आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीचा उल्लेख आहे, तेव्हा ती वही आधी पक्की करा. जुन्या केसपेपरवर एफ २०, एफ ३२ असे आकडे दिसतील, ते आयसीडी-१०चे. नैराश्याला दोन्हीकडे २ आठवडे लागतात, पण डीएसएम ९ पैकी ५ लक्षणं मागतो आणि आयसीडी-११ १० पैकी ५. वाढलेलं लक्षण म्हणजे भविष्याबद्दलची निराशा.

मग प्रत्येक केसची कालरेषा काढा. सरावासाठी हे उदाहरण घ्या. नवरा जाऊन ८ महिने झालेली बाई. रोज त्याचीच ओढ, घरकामात लक्ष नाही, माणसांत जाणं बंद. आयसीडी-११ दीर्घ शोकविकारासाठी किमान ६ महिने मागतो, शिवाय तो शोक तिच्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावा लागतो. डीएसएमची सुधारित आवृत्ती प्रौढांसाठी १२ महिने थांबायला सांगते. एका वहीत तिला निदान मिळू शकतं, दुसरीत नाही. उत्तर लिहिताना ग्रंथाचं नाव लिहिणं किती गरजेचं आहे, ते इथे कळतं.

नाव देण्याआधी शरीर आणि व्यसन वगळा. हाड मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, तर आधी शेवटची दारू कधी घेतली ते विचारा. दारू तुटल्यावर साधारण २ ते ४ दिवसांत डिलिरियम ट्रेमेन्स होऊ शकतो. तो जिवावर बेततो, म्हणून डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. महिनोन् महिने मंदावलेल्या, थकलेल्या रुग्णाच्या थायरॉइडची तपासणी झाली आहे का, हेही पाहा.

पुस्तक आठवडे मोजतं, आपल्याकडची माणसं सण आणि शेती मोजतात. पेण, उरण, कर्जतकडचे रुग्ण ‘कधीपासून?’ला “गणपतीनंतर”, “लावणीच्या टायमाला”, “शिमग्याच्या आधी” असं उत्तर देतात. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि शेजारी महिना मांडा. घरच्यांनाही वेगळं विचारा, कारण आजार त्यांच्या लक्षात बरेचदा रुग्णाच्या आधी आलेला असतो. “अंगात येतं” म्हटलं की घाई करू नका. देवीच्या जागरात, सर्वांना मान्य असलेल्या रीतीने येत असेल, तर आयसीडी-११ त्याला विकार म्हणत नाही. त्याबाहेरही, नको असताना येतं का, त्याने रुग्णाचे हाल होतात का, ते विचारा.

वाचता वाचता प्रत्येक आजार आपल्यातच आहे असं वाटायला लागेल. बहुतेक विद्यार्थी यातून जातात. तेव्हाही कालावधी बघा आणि रोजची कामं अडली आहेत का ते बघा. खरंच अडली असतील तर अभ्यास बाजूला ठेवून मदत घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. घरातल्या माणसांना मात्र निदानं वाटू नका.

आपल्याकडे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून तिच्या नोंदवहीत नाव लागतं, तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येतं. त्या दिवसापासून तुमचं निदान माणसाच्या फाइलवर राहणार. कायद्याचं तेच ३रं कलम बजावतं, की पूर्वी कधी मनोरुग्णालयात उपचार झाले एवढ्यावरून कुणाला आज आजारी ठरवता येत नाही. म्हणून कालावधी पुरा झाला नसेल, तर ‘तात्पुरतं निदान’ असं स्पष्ट लिहा, पुन्हा तपासायची तारीख घाला आणि त्या तारखेला खरोखर तपासा.