चा-नो-यू : जपानी चहाविधीतील भांडी आणि परिभाषा

संस्कृतातील ‘ध्यान’ व पालीतील ‘झान’ हा शब्द चीनमध्ये जाऊन ‘चान’ झाला आणि तेथून जपानमध्ये पोहोचल्यावर ‘झेन’ झाला, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. या झेनचे बोट धरूनच चहा जपानात रुजला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. एइसाई नावाचा भिक्षू ११९१ साली चीनमधून परतला, तेव्हा त्याने चहाचे बी सोबत आणले असे मानतात. १२११ साली त्याने चहाच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला. ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना झोप येऊ नये, हा चहाचा विहारातील उपयोग होता.

पुढे या चहापानाला विधीचे रूप आले. त्याचे नाव ‘चा-नो-यू’. याचा शब्दशः अर्थ एवढाच, की चहासाठी गरम पाणी! मुराता जुको, ताकेनो जोओ आणि सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या तिघांनी त्याला आजचे वळण दिले. श्रीमंतांच्या दालनात चिनी मौल्यवान भांडी मांडून चालणारा हा सोहळा त्यांनी लहानशा, मातीच्या भिंतींच्या खोलीत आणला. या साधेपणाला ‘वाबी’ म्हणतात. ‘वाबी’ शब्दाचा मूळ अर्थ हालअपेष्टा, उणेपणा असा होता, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

आता पाहुण्याच्या पावलांनी आपण आत जाऊ. खोलीकडे नेणाऱ्या बागेतील वाटेला ‘रोजी’ म्हणतात. हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात, ती सद्धर्मपुंडरीक सूत्रातील जळत्या घराच्या दृष्टान्तातून आली आहेत. आगीतून सुखरूप बाहेर पडलेली मुले ज्या मोकळ्या जागी येऊन बसतात, ती जागा म्हणजे ‘रोजी’. वाटेत ‘त्सुकुबाई’ हे दगडी पाणपात्र असते. ते मुद्दाम ठेंगणे ठेवलेले असते. उभ्याने पाणी घेता येत नाही, बसावेच लागते. सर्व पाहुणे एकाच पळीने हात धुतात व चूळ भरतात.

त्यानंतर ‘निजिरिगुची’, म्हणजे खोलीचे दार. हे जेमतेम ६५ सेंटिमीटर उंच असते. गुडघ्यांवर सरकतच आत जावे लागते. कमरेला तलवार लावून या दारातून शिरता येत नाही, म्हणून सामुराई आपली तलवार बाहेरच्या फळीवर ठेवीत. रिक्यूची मानली जाणारी ‘ताई-आन’ ही खोली क्योतोजवळ यामाझाकी येथे आजही उभी आहे. बैठकीची जागा दोन चटयांची, म्हणजे दोन माणसे झोपतील एवढीच.

आत भिंतीच्या कोनाड्यात, ‘तोकोनोमा’त, एक लेखपट टांगलेला असतो. बहुधा तो एखाद्या झेन भिक्षूच्या हातचा असतो. पाहुणा प्रथम त्याला वाकून नमस्कार करतो, मग चुलीकडे वळतो. लोखंडी किटलीला ‘कामा’ म्हणतात. तिच्या तळाला आतून लोखंडाचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यामुळे पाणी उकळू लागले की विशिष्ट आवाज येतो. त्या आवाजाला ‘मात्सुकाझे’, म्हणजे पाइन वृक्षांतून वाहणारा वारा, असे नाव आहे. खोलीत कोणी फारसे बोलत नाही, म्हणून तो ऐकू येतो.

थंड पाण्याचे भांडे ‘मिझुसाशी’, खरकट्या पाण्याचे ‘केन्सुई’, पाणी काढण्याची बांबूची पळी ‘हिशाकु’, वाडगा पुसण्याचे पांढरे कापड ‘चाकिन’, तर यजमानाच्या कमरेला खोचलेला रेशमी रुमाल ‘फुकुसा’. हा चहा पाने उकळून करीत नाहीत. पानांची हिरवी पूड पाण्यात घुसळतात. पुडीच्या लाखकाम केलेल्या डबीला ‘नात्सुमे’ म्हणतात. नात्सुमे म्हणजे बोराच्या जातीचे एक फळ. डबीचा आकार तसाच असतो. घुसळण्याची रवी ती ‘चासेन’. बांबूचा एकच तुकडा चिरत चिरत तिचे कितीतरी बारीक दात काढतात. नारा प्रांतातील ताकायामा गावात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

सर्वांत महत्त्वाचा तो वाडगा, ‘चावान’. रिक्यूच्या सांगण्यावरून चोजिरो नावाच्या कारागिराने चाकाशिवाय, नुसत्या हाताने काळे व तांबडे वाडगे घडवले. हेच ‘राकू’ वाडगे. ओबडधोबड, किंचित वाकडे. कोरियातून आलेले ‘इदो’ वाडगेही असेच. ते तेथील सामान्य माणसांच्या रोजच्या वापरातले असावेत असे मानतात. त्यांतील ‘किझाएमोन’ नावाचा वाडगा आज जपानची राष्ट्रीय ठेव आहे. गरिबाच्या भांड्याची किंमत राजवाड्याएवढी व्हावी, हा विनोदही आम्हांस येथे नोंदवावासा वाटतो.

चहा दोन प्रकारचा. पातळ तो ‘उसुचा’; त्यासाठी प्रत्येकाला वेगळा वाडगा. दाट तो ‘कोइचा’. तो सर्व पाहुणे एकाच वाडग्यातून पितात. एकाने काही घोट घ्यायचे, कड पुसायची आणि वाडगा शेजारच्याकडे द्यायचा. आमच्या आधीच्या पिढीला गावच्या हॉटेलात चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या कपात, आणि तो कप ज्याचा त्याने विसळून ठेवायचा असे. त्यामुळे ‘कोइचा’ या संज्ञेपाशी आम्ही अंमळ जास्त थांबलो, तर वाचकांनी समजून घ्यावे. २०२० च्या कोरोना साथीत ही रीत अनेक ठिकाणी थांबली व वेगवेगळे वाडगे आले; पण ते रोगाच्या भयाने, माणसाच्या विटाळाने नव्हे.

तथापि या खोलीचे गुणगान करताना सावध राहिले पाहिजे. रिक्यूचा धनी हिदेयोशी याने १५८७ साली कितानो येथे मोठा चहामेळा भरवला. शेतकऱ्यांनीही यावे, एक किटली, एक बादली, एक वाडगा आणावा, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचे पीठ चालेल, अशी दवंडी होती. मेळा दहा दिवस चालायचा होता, तो एका दिवसात आटोपला. याच हिदेयोशीने सोन्याचा पत्रा मढवलेली चहाखोलीही बनवून घेतली होती. आणि १५९१ साली त्यानेच फर्मान काढून सैनिकाने सैनिकच व शेतकऱ्याने शेतकरीच राहावे असा बंदोबस्त केला. जपानमध्येही कातडी कमावणाऱ्या लोकांना अस्पृश्य मानीत. कायद्याने ती अवस्था संपली ती १८७१ साली. दार ठेंगणे केले म्हणून गावाची वेस मोडत नाही. खोलीतली समता खोलीतच राहिली, असे आम्हांस वाटते.

चहा संपल्यावर ‘हाइकेन’ होते. पाहुणे भांडी हातात घेऊन न्याहाळतात आणि विचारतात, ही कोणी घडवली, हिचे नाव काय? पूड काढण्याच्या बांबूच्या चमचीला, म्हणजे ‘चाशाकु’ला, बहुधा स्वतःचे नाव असते. १५९१ साली हिदेयोशीने रिक्यूला आत्महत्येची आज्ञा केली. कारणांविषयी अजून एकमत नाही. मरणापूर्वी त्याने स्वतः एक चमची कोरली व ती फुरुता ओरिबे या शिष्याला दिली, असे सांगतात. तिचे नाव ‘नामिदा’, म्हणजे अश्रू. शिष्याने तिच्यासाठी बांबूची नळी केली आणि तिला एक लहानशी चौकोनी खिडकी ठेवली, चमची आतून दिसावी म्हणून. ती नागोया येथील तोकुगावा संग्रहालयात आहे.