अंगात काही घुसलं तर: आंजर्ल्याहून सीटी स्कॅनपर्यंतचा खर्च

नारळी-पोफळीच्या वाड्या, आंब्याची कलमं, गुरं, रान आणि समुद्र हे सगळं आंजर्ल्यात हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे अंगात काही घुसून होणाऱ्या जखमा इथे नवीन नाहीत. झाडावरून पडलेल्या माणसाच्या पोटात कुंपणाची खुंटी जाते, रानडुकराचा सुळा मांडीत शिरतो, पाकटाचा काटा पायात मोडतो. भोक बोटाएवढं दिसतं. वस्तू किती खोल गेली, वाटेत रक्तवाहिनी लागली की आतडं, तुकडा आत राहिला का, हे मात्र वरून कळत नाही. ते सीटी स्कॅन आणि त्यामागचं सॉफ्टवेअर दाखवतं.

आधी सर्वांत महत्त्वाचं. घुसलेली वस्तू घरी उपसू नका. तिनेच एखादी फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरलेली असू शकते. वस्तू हलणार नाही अशी भोवतीने कापडाने बांधा, रक्त येत असेल तर बाजूने दाबून धरा, खायला-प्यायला देऊ नका आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे लागत नाहीत. खाजगी गाडी मात्र किलोमीटरवर आकारते, परतीचंही भाडं धरते. दापोली वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, पण तिथून पुढे डेरवण, रत्नागिरी किंवा मुंबईला जावं लागलं तर गाडीचं बिल स्कॅनच्या बिलाला सहज मागे टाकतं. म्हणून दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात रुग्ण स्थिर करून घ्यावा आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळाली की पुन्हा १०८ च मागावी. निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयात फोन करायला सांगा: सीटी चालू आहे का, शल्यविशारद हजर आहेत का? या एका फोनने दोन-तीन तास आणि काही हजार रुपये वाचतात.

रक्तदाब घसरत असेल तर डॉक्टर स्कॅनला न पाठवता थेट शस्त्रक्रियेला नेतील. तेव्हा ‘आधी स्कॅन करा’ असा आग्रह धरू नका. स्कॅन स्थिर रुग्णासाठी असतो.

आता यंत्र काय करतं ते पाहू. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी घडवलेल्या सीटी यंत्रावर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्यांच्याच नावाच्या मापावर संगणक शरीराचा प्रत्येक कण मोजतो: पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड शेकड्यांच्या पुढे. या आकड्यांवरून सॉफ्टवेअर तोच भाग आडवा, उभा, तिरका कापून दाखवतं आणि सुळ्याचा किंवा खुंटीचा मार्ग एका रेषेत मांडता येतो. शिरेतून औषध देऊन स्कॅन केला तर रक्तवाहिनी कुठे फाटली आहे तेही दिसतं.

यात लाकूड फसवं असतं, आणि आपल्या भागात तेच जास्त घुसतं. एक्स-रेमध्ये ते बहुधा दिसतच नाही. सीटीवर कोरडं लाकूड हवेसारखं काळं दिसतं, त्यामुळे आत शिरलेली हवा समजून ते सुटू शकतं. काही दिवसांनी पाणी शोषलं की ते आजूबाजूच्या मांसात मिसळून जातं. पडद्यावरची छटांची मर्यादा रुंद करून पाहिलं तर काडी ओळखता येते, पण तसं पाहायला हवं हे तज्ज्ञाला कळलं पाहिजे. म्हणून चिठ्ठीवर ‘लाकूड घुसलं आहे’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि मोडलेला उरलेला भाग सोबत न्या. लांबीचा अंदाज त्यावरूनच येतो. कातडीखालच्या काडीसाठी सोनोग्राफी अनेकदा पुरते आणि खूप स्वस्तात होते. गळ, छर्रा, खिळा असं लोखंड आत असण्याची शंका असेल तर एमआरआयपूर्वी ते सांगितलंच पाहिजे. चुंबकाने ते आत सरकू शकतं.

खाजगी केंद्रांतले दर जागेनुसार बदलतात, पण अंदाजासाठी हे धरा. एक्स-रे तीनशे ते सहाशे रुपये, सोनोग्राफी आठशे ते दीड हजार, डोक्याचा साधा सीटी दोन ते चार हजार, औषध देऊन छाती किंवा पोटाचा सीटी पाच ते दहा हजार, रक्तवाहिन्यांचा सीटी आठ ते पंधरा हजार. मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी आणि शिरेतलं औषध यांचे पैसे त्यात धरले आहेत का, ते आधी विचारा. ‘थ्रीडी’ म्हणून वेगळी रक्कम लावली असेल तर शल्यविशारदांनी ते मागितलं आहे का, हेही विचारा. ती चित्रं त्याच स्कॅनमधून संगणक तयार करतो, त्यासाठी नवे किरण लागत नाहीत. निदानसेवेला जीएसटी लागत नाही. बिलात दिसला तर काढून घ्या.

हल्ली ‘एआय रिपोर्ट’ असंही ऐकू येतं. मुंबईच्या क्योर डॉट एआय या कंपनीचा डोक्याच्या सीटीतला रक्तस्राव आणि अस्थिभंग हेरण्याचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री तज्ज्ञ जागेवर नसताना अशी मदत मोलाची आहे. पण ती डोक्याच्या दुखापतीसाठी आहे, मांडीत राहिलेल्या काडीसाठी नाही. त्या नावाखाली जादा पैसे देऊ नका. तज्ज्ञाच्या सहीचा अहवाल मागा.

पैसे न लागता काय होतं तेही माहीत हवं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्ण दाखल होऊन योजनेतला उपचार झाला तर स्कॅनही त्यातच येतो, नुसता बाहेरून करून घेतलेला स्कॅन येत नाही. इथेच बरीच कुटुंबं नाहक खर्चात पडतात. वाटेतल्या केंद्रात घाईने स्कॅन करून मग योजनेच्या रुग्णालयात जाऊ नका. रुग्णालय योजनेत आहे का ते १५५३८८ वर विचारा, दारात योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा आणि रेशनकार्ड व आधार दाखवा. तातडीच्या रुग्णाला फोनवरच्या परवानगीने दाखल करता येतं, कागद मागाहून चालतात. रस्ता अपघातातली जखम असेल तर केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख न भरता होतो. भोसकल्याची जखम असेल तर पोलिसांत नोंद होईल, पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच तसं बजावलं आहे.

कुठेही स्कॅन झाला तरी सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइली घ्या. फिल्मच्या फोटोवरून पुढचा डॉक्टर छटा बदलून पाहू शकत नाही, फाइलींवरून पाहू शकतो. त्या नसल्या की पुढच्या गावी पुन्हा स्कॅन, पुन्हा पैसे, पुन्हा किरण. कागदपत्रांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णालयाने ती द्यायची असते.

जखम रानडुकराची असेल तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. २०२३ च्या शासन निर्णयानुसार गंभीर जखमीला ५ लाख आणि कायम अपंगत्व आल्यास साडेसात लाख मिळतात. किरकोळ जखमेत औषधोपचाराचा खर्च मिळतो, खाजगी रुग्णालयासाठी ५० हजारांच्या मर्यादेत. शेतकरी कुटुंबातल्या माणसाचा अपघातात डोळा किंवा अवयव गेला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, दापोलीला करायचा. दोन्हीकडे डॉक्टरांचा दाखला, डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचा अहवाल लागतो.