फायलीवरील तारीख : सोय आणि मर्यादा

जुनी पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या आणि कर्जखात्यासंबंधीची पत्रे स्कॅन करून संगणकावर जतन करणाऱ्या ग्राहकांना एक अडचण जाणवते. दस्तऐवज वीस वर्षांपूर्वीचे असले, तरी सर्व फायलींवर तारीख स्कॅन केलेल्या दिवसाचीच दिसते. त्यामुळे त्यांचा कालानुक्रम लावता येत नाही. ही तारीख माउसच्या साहाय्याने बदलण्याची सोय कशी करून घ्यावी आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे येथे पाहू.

लिनक्स प्रणालीत प्रत्येक फायलीच्या मुख्यतः तीन कालनोंदी असतात : मजकूर शेवटचा केव्हा बदलला, फाइल शेवटची केव्हा वाचली गेली आणि फायलीविषयीच्या माहितीत केव्हा फेरफार झाला. यांपैकी पहिल्या दोन नोंदी 'टच' या आज्ञेने बदलता येतात. मात्र ती आज्ञा टंकित करावी लागत असल्याने सामान्य वापरकर्ता तिचा उपयोग टाळतो.

एक्सएफसीई या डेस्कटॉपवरील 'थुनार' फाइल व्यवस्थापकात ही सोय पुढीलप्रमाणे जोडता येते.

१. 'झेनिटी' हा छोटा प्रोग्रॅम दिनदर्शिकेची खिडकी दाखवतो. तिच्यात निवडलेली तारीख 'टच'कडे सोपविणारी लहानशी स्क्रिप्ट जाणकाराकडून लिहून घ्यावी.

२. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने द्यावी. तिरप्या रेघेने लिहिलेली ३/४ ही तारीख 'टच' ४ मार्च अशी वाचतो, ३ एप्रिल अशी नव्हे.

३. दिनदर्शिका रद्द केल्यास स्क्रिप्ट तेथेच थांबली पाहिजे. अन्यथा रिकामी तारीख आजची मध्यरात्र मानली जाते.

४. थुनारच्या 'एडिट' मेनूतून 'कस्टम ॲक्शन्स'ची खिडकी उघडावी. नवी कृती जोडून तिला 'तारीख बदला' असे नाव द्यावे आणि आज्ञेच्या रकान्यात स्क्रिप्टचा मार्ग लिहून पुढे टक्क्याचे चिन्ह व मोठा एफ लिहावा. त्यामुळे निवडलेल्या सर्व फायली स्क्रिप्टला मिळतात.

५. कृती कोणत्या फायलींसाठी दिसावी, त्या यादीत 'प्रतिमा' व 'इतर फायली' यांवर खूण करावी. पीडीएफ फायली 'इतर' या गटात मोडतात.

यापुढे फायलीवर उजवे क्लिक करताच मेनूत 'तारीख बदला' हा पर्याय दिसेल.

आता मर्यादेविषयी. 'टच' वापरताच तिसऱ्या नोंदीत संगणकाच्या घड्याळातील त्या क्षणाची वेळ आपोआप लागते. पत्रावरील तारीख लिहिणारा ठरवतो, पण आवक शिक्का कार्यालय मारते, तसाच हा प्रकार आहे. अर्थात, संगणकाचे घड्याळच मागे नेले असेल, तर हा शिक्काही चुकीचा उमटतो. म्हणून 'फायलीवर अमुक तारीख आहे' एवढ्यावरून दस्तऐवज त्या दिवसाचा ठरत नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख सादर करताना विहित प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. हे मूल्य फायलीतील मजकुरावरून काढले जाते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ते बदलते. फायलीवरील तारीख बदलल्याने मात्र त्यात फरक पडत नाही.

तेव्हा कालानुक्रम लावण्यासाठी ही सोय अवश्य वापरावी. मात्र प्रथम फायलींची स्वतंत्र प्रत काढून ठेवावी, दस्तऐवजाची तारीख फायलीच्या नावातही लिहावी आणि स्कॅन झाले म्हणून मूळ पावत्या टाकून देऊ नयेत.