भाड्याच्या वाहतुकीसाठी डंपिंग ट्रॉलीची निवड

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे असे पुष्कळ शेतकरी नांगरणीची कामे आटोपल्यावर भाड्याने वाहतूक करू लागले आहेत. तलावातील गाळ शेतात नेणे, शेणखत वाहणे, बांधकामासाठी वाळू, खडी व मुरूम पोहोचविणे, अशी कामे गावोगाव निघतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झाली व २०२३ पासून ती पुन्हा हाती घेण्यात आली. त्यामुळे उन्हाळ्यातील गाळवाहतुकीचे काम अनेक तालुक्यांत वाढले. या कामास डंपिंग ट्रॉली, म्हणजे हायड्रॉलिक जॅकच्या साहाय्याने पेटी उचलून माल आपोआप ओतणारी ट्रॉली, सोयीची पडते.

तथापि ही ट्रॉली बहुधा कर्ज काढून घेतली जाते. ती चुकीची निवडल्यास हप्ते थकतात, ट्रॅक्टरची मोडतोड होते आणि उतारावर चालकाच्या जिवावर बेतते. म्हणून या पाठात निवडीचा क्रम दिला आहे. त्याचे मुख्य सूत्र असे की, आधी माल ठरवावा, नंतर त्याचे वजन काढावे, ते वजन आपला ट्रॅक्टर ओढू, उचलू व थांबवू शकेल काय ते पाहावे आणि सर्वांत शेवटी पेटीचा आकार ठरवावा. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट घडते. मोठी पेटी पाहून ट्रॉली घेतली जाते व वजनाचा विचार मागाहून होतो.

१. कामाचा विचार

येत्या वर्षात कोणता माल, किती महिने व किती अंतरावर वाहावयाचा आहे हे प्रथम कागदावर लिहावे. ऊस वाहतूक हे मुख्य काम असेल तर डंपिंग ट्रॉलीचा उपयोग नाही. उसासाठी लांब, सपाट ट्रॉली लागते व कारखान्यावर मोळ्या साखळी आणि क्रेनच्या साहाय्याने उतरविल्या जातात. गाळ, माती, मुरूम, वाळू व शेणखत या सुट्या मालासाठीच डंपिंग ट्रॉली घ्यावी.

माल भरण्याची रीतही पाहावी. जेसीबीने भरणे होत असेल तर ट्रॉली थोड्या वेळात भरते आणि ओतण्यात वाचलेला वेळ पुढील खेपेच्या कामी येतो. फावडे व घमेल्यांनी भरणे होत असेल तर बहुतेक वेळ भरण्यातच जातो व जॅकचा लाभ बराच कमी होतो.

२. मालाचे वजन

आपल्याकडे असा माल ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास मालाचे वजन साधारणपणे पुढीलप्रमाणे भरते:

शेणखत — दीड ते सव्वादोन टन
कोरडी, सुटी माती — सुमारे साडेतीन टन
मुरूम व कोरडी वाळू — सुमारे साडेचार टन
ओला गाळ — सुमारे पावणेपाच टन
ओली वाळू — सव्वापाच टनांपर्यंत

ओलाव्याप्रमाणे यात फरक पडतो. म्हणून पहिल्या एकदोन खेपा वजनकाट्यावर नेऊन खात्री करून घ्यावी.

समजा, पेटी १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच आहे. तिच्यात १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास माल मावतो. शेणखत भरल्यास वजन दोन-अडीच टनांच्या आसपास राहते. त्याच पेटीत ओला गाळ काठोकाठ भरल्यास ते पावणेसहा टनांच्या घरात जाते. पेटी तीच असली तरी भार दुपटीहून अधिक होतो. शिवाय वर शीग लावली की तो आणखी वाढतो.

ट्रॉलीस ४ टन मालाची परवानगी असेल तर या पेटीत ओला गाळ सुमारे १६ इंच उंचीपर्यंतच भरावा. पेटीच्या आतील बाजूस त्या उंचीवर लाल रंगाची रेघ ओढून ठेवावी. जेसीबी चालकास व गिऱ्हाइकास ती रेघ दाखविली म्हणजे प्रत्येक खेपेस वाद होत नाही.

३. ट्रॅक्टरची जुळणी

ट्रॅक्टर कोणत्या वजनाची ट्रॉली ओढू शकतो हे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेवरून पाहावे. केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून ठरवू नये. ओढणे जमले म्हणजे थांबविणेही जमेल असे नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन ७ टन असून रस्त्याचा उतार दहास एक असेल तर ती ट्रॅक्टरला मागून सुमारे ७०० किलोच्या जोराने ढकलते. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण दोन टन असते. अशा वेळी जोराने ब्रेक लावल्यास ट्रॉली तिरपी होऊन ट्रॅक्टरला आडवे ढकलते व दोन्ही वाहने उलटतात. म्हणून ज्यांच्या मार्गात घाट, नाल्याचे उतार अथवा धरणातून वर येणारे रस्ते आहेत त्यांनी ब्रेक असलेली ट्रॉली मागावी किंवा माल कमी भरावा.

दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्यामुळे मागील चाकांची पकड वाढते व शेतात वळणे सोपे जाते. परंतु माल पुढच्या बाजूस जास्त भरल्यास ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होऊन सुकाणू नीट चालत नाही. चार चाकी ट्रॉलीचा भार बहुतांशी तिच्या स्वतःच्या चाकांवर राहतो, परंतु ती मागे घेणे अवघड असते. अरुंद शिवारात व थोड्या अंतरावर काम करणाऱ्यास दोन चाकी ट्रॉली बहुधा सोयीची ठरते.

४. जॅक व तेल

जॅकची शक्ती त्याचा व्यास व तेलाचा दाब यांवर अवलंबून असते. १० सेंटिमीटर व्यासाच्या जॅकचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो असल्यास सुमारे पावणेबारा टन जोर मिळतो. हा आकडा मोठा वाटला तरी उचलण्याच्या आरंभी जॅक तिरपा असतो, त्यामुळे मालाच्या वजनापेक्षा पुष्कळ अधिक जोर खर्च होतो.

हाच जॅक ९० सेंटिमीटर वर जाण्यास सुमारे ७ लिटर तेल लागते. अनेक ट्रॅक्टरांत हे तेल गिअरपेटीतूनच येते. जॅक फार मोठा असल्यास तेलाची पातळी खाली जाऊन गिअर व पंप कोरडे पडण्याची भीती असते. तरी जॅकला किती तेल लागते हे कारखानदारास विचारावे व तेवढे तेल ट्रॅक्टरमधून घेता येते काय याची मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी. सौदा पक्का करण्यापूर्वी आपल्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ती भरलेल्या मालासह उचलून पाहावी.

५. बांधणीची तपासणी

चासीचे चॅनेल, एक्सल, पाटे, मागील बिजागरीची पिन व जॅक बसविलेली जागा येथील वेल्डिंग बारकाईने पाहावे. टायरवर लिहिलेली भारक्षमता मालाला व ट्रॉलीच्या वजनाला पुरेशी असावी. मागील फाळका ओतताना सहज उघडावा, मात्र रस्त्यात आपोआप उघडू नये. हुकाची पिन निसटू नये म्हणून तिला कुलूपपिन असावी व जोडीला सुरक्षा साखळी असावी. मागील दिवे व परावर्तक पट्ट्या नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर आणू नये.

६. कागदपत्रे

ट्रॉलीची नोंदणी प्रादेशिक परिवहन कार्यालयात स्वतंत्रपणे करावी लागते. त्यासाठी लागणारी कागदपत्रे कारखानदार देणार की नाही हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. शेतीच्या कामापुरता काढलेला विमा भाड्याच्या कामास लागू पडेल असे गृहीत धरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भारास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे. वाळू, मुरूम इत्यादि गौण खनिजे परवान्याविना वाहिल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ अन्वये दंड होतो व वाहनही जप्त होऊ शकते.

७. हिशेब

समजा, साध्या ट्रॉलीपेक्षा डंपिंग ट्रॉलीस ९०,००० रुपये अधिक पडतात व दर खेपेस उतरविण्याची १५० रुपये मजुरी वाचते. तर जादा रक्कम भरून निघण्यास ६०० खेपा लागतील. रोज ५ खेपा मिळाल्यास हे १२० दिवसांचे काम झाले. आपल्या गावात वर्षाकाठी इतके दिवस काम मिळते काय, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतः शोधावे. व्याज, डिझेल, टायर व दुरुस्ती यांचाही खर्च त्यात धरावा.

८. वापरताना

१. ट्रॉली सपाट, घट्ट जमिनीवरच उचलावी. एक चाक खोलगट जागी असल्यास ती उलटते.
२. उचलण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत हे पाहावे.
३. पेटी पूर्ण खाली आल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊ नये.
४. उचललेल्या पेटीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कोणीही जाऊ नये. केवळ तेलाच्या भरवशावर राहू नये.
५. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडावेत. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा व ट्रॅक्टर न्यूट्रल करून कधीही उतरवू नये.
६. ट्रॉलीत अथवा हुकावर माणसे बसवू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्यास ट्रॉलीविषयी सल्ला देताना पुढील प्रश्न विचारावेत: वर्षातून किती दिवस काम मिळेल? सर्वांत जड माल कोणता व त्याच्या एका ब्रासचे वजन किती? मार्गातील सर्वांत अवघड उतार कोणता? तेथे भरलेली ट्रॉली थांबेल काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पेटीची लांबी-रुंदी ठरवून कर्जाच्या अर्जास हात घालावा.