प्रवासात चालणारं घड्याळ आणि राजदरबारचा घड्याळजी

एका दोऱ्याला खडा बांधा आणि घरात लोंबता धरून झोका द्या. तो सारख्या लयीत हलेल. आता तोच दोरा मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत धरून बघा. लाट येईल तसा खडा भलतीकडेच जाईल. लंबकाचं घड्याळ प्रवासात का चालत नाही, ते इथेच कळतं. आपलं जुनं घटिकापात्र आठवा. तळाला भोक असलेली वाटी पाण्यात बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. पण त्यालाही पाणी स्थिरच लागतं!

उपाय निघाला तो लंबकाऐवजी मागेपुढे फिरणारं छोटं चाक आणि केसासारखी बारीक स्प्रिंग वापरून. ही स्प्रिंग १६७५ मध्ये हायगेन्स या शास्त्रज्ञाने जगापुढे आणली. धक्का बसला तरी चाकाची लय फारशी बिघडत नाही.

पॅरिसचा घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३) याच तत्त्वावर घड्याळं करायचा. राणी मारी आंत्वानेत त्याची गिऱ्हाईक होती. एप्रिल १७९८ मध्ये, इजिप्तच्या मोहिमेआधी, नेपोलियनने त्याच्याकडून प्रवासी घड्याळ घेतलं. पुढे फ्रान्समध्ये अशी घड्याळं भरपूर बनली. पितळी चौकट, बाजूंना काचा, उचलायला वर कडी. काहींना वर एक बटण असे. काळोखात ते दाबलं की घड्याळ तासाचे ठोके पुन्हा वाजवी.

१८१५ मध्ये ब्रेगे फ्रान्सच्या शाही नौदलाचा घड्याळजी झाला. नौदलाला घड्याळजी कशाला? कारण पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. मूळ बंदराची वेळ आणि जहाजावरची सूर्याची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश काढत. घड्याळ १ मिनिट चुकलं, तर मालवणच्या अक्षांशावर जहाजाची जागा सुमारे २७ किलोमीटरने चुकते. खडकाळ किनाऱ्यालगत रात्री एवढी चूक म्हणजे जहाजावरच्या माणसांच्या जिवाशी गाठ!

करून पाहा : भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मालवण आहे सुमारे ७३.५ अंशावर. मग मालवणात सूर्य सरासरी किती वाजता डोक्यावर येईल? ९ अंशांना ४ ने गुणा, उत्तर तुम्हालाच सापडेल.