टाकीपासून सुरुवात कर

घोडेगाव, ता. आंबेगाव
२४ मे

चि. भाचेबुवांस,


परवा दारात गाडी लावून चहाला बसलास तेव्हा मी गप्पच राहिलो. तुझ्या आईसमोर गाडीला नावं ठेवली असती तर तिला उगाच घोर लागला असता. तू गेल्यावर मात्र चैन पडेना. तू घेतलेली ही मालवाहू गाडी २०१२ ची, म्हणजे बरीच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबलेली. चेसिस बरी आहे, टायर चालतील, इंजिनाचा आवाजही ठीक. पण टाकीच्या तोंडाला झाकण नाही. प्लॅस्टिकची पिशवी आणि वरून सुतळी! त्यात जाता जाता म्हणालास, "मामा, पोखरीच्या घाटात दोनदा बंद पडली. पंप उतरवून पुण्याला पाठवावा म्हणतो."

पंपाला अजून पाना लावू नकोस. एवढं एक वाक्य ऐकलंस तरी पत्राचे कष्ट फिटले. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हो मामा" म्हणतोस आणि विसरतोस. कागद गाडीत राहील.

आधी डिझेलची वाट समजून घे. टाकी, टाकीतली जाळी, चेसिसच्या कडेनं पुढं येणारी नळी, हँड प्राइमर, खाली पाणी साठायचा कप असलेला फिल्टर, मग पंप, पंपातून प्रत्येक सिलिंडरला जाणारी पोलादी नळी आणि शेवटी नोझल. उरलेलं डिझेल रिटर्नच्या नळीनं टाकीत परत. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, पंपापासून नोझलपर्यंत ते ढकललं जातं. ओढायच्या बाजूचं दुखणं शे-पाचशेत निघतं, ढकलायच्या बाजूचं हजारांत. आणि माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या गाड्यांची बहुतेक दुखणी ओढायच्या बाजूचीच निघाली. म्हणून डिझेल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं आपण जायचं. सुरुवात टाकीपासून, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन वस्तू एकदम बदलल्या तर गाडी सुरू होईलही, पण कशानं सुरू झाली ते कळणार नाही.

तुमच्या विहिरीवरच्या मोटरीनं पाणी सोडलं की तू काय करतोस? फुटव्हॉल्व्ह बघतोस, सक्शनचा पाइप चाचपतोस, पाणी भरून हवा काढतोस. पहिल्याच दिवशी मोटर खोलायला कुणी बसत नाही. सक्शनला बारीक चीर असली तर तिथून पाणी गळत नाही, हवा आत ओढली जाते, हे तुला मी सांगायला नको. गाडीतही तेच. नळी बाहेरून कोरडी दिसते म्हणून ती चांगली असं समजू नकोस.

आता माझीच फजिती सांगतो. माझी पहिली गाडी जुनी मॅटाडोर. एका पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ नये म्हणून मी हुशारी केली. झाकणाला एक बारीक भोक दिसलं, ते एम-सील लावून बुजवलं. त्यानंतर गाडीनं नवीनच खोड धरली. घोडेगावातून निघाली की जुन्नर, ओतूरपर्यंत झक्कास. माळशेज लागायच्या सुमारास धाप लागल्यासारखं करी आणि बंद पडे. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. मी फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, शेवटी पंप उतरवून पुण्याला कॅलिब्रेशनला नेला. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. पंप बसवल्यावर पहिल्याच फेरीला गाडी पुन्हा तिथंच उभी. कल्याणला न्यायची मेथी-कोथिंबीर पाठीमागं तापत होती. माझे वस्ताद दुसऱ्या गाडीनं मागून येत होते. ते उतरले, इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही, टाकीचं झाकण फिरवलं. 'फुस्स' आवाज आला. म्हणाले, "आता सेल्फ मार." थोडी हवा काढली आणि गाडी सुरू!

टाकीतून जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत आली पाहिजे. भोक बुजलं की आत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल मिळेनासं होतं. गाडी उभी राहिली की कुठून तरी हवा झिरपते आणि ती पुन्हा चालते. तुझ्या पिशवीत तर दोन्ही दोष आहेत. घट्ट बांधली तर हवा अडते, सैल बांधली तर पाणी आणि धूळ आत जाते. पुढच्या वेळी घाटात बंद पडली तर पहिल्यांदा पिशवी सोड आणि कान दे.

दुसरी तपासणी पाण्याची. डिझेल पाण्याहून हलकं, म्हणून पाणी रात्रभरात तळाशी बसतं. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी फिल्टरखालचा स्क्रू सैल कर आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत पेलाभर डिझेल काढ. दहा मिनिटं बरणी कट्ट्यावर ठेव, मग उन्हाकडे धरून बघ. नितळ दिसलं तर ठीक. तळाशी वेगळा थर किंवा गोळ्यासारखा थेंब हलताना दिसला तर ते पाणी. तांबूस गाळ असेल तर टाकी आतून गंजली आहे. काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखं काही आलं तर ते जिवाणूंचं काम समज. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं ते वाढतात. मग नुसते फिल्टर बदलून भागत नाही, टाकीच उतरवून धुवावी लागते. चढावर, त्यातही टाकी पाव भरलेली असताना, गाळ आणि पाणी हिंदकळत सक्शनच्या तोंडाशी येतं, नाही तर तोंडच उघडं पडून हवा ओढली जाते. तुझी गाडी मंचरच्या सपाट रस्त्यावर नीट चालते आणि पोखरीच्या घाटात दम सोडते, त्यामागं हेही असू शकेल.

तिसरी तपासणी हवेची. सकाळी सेल्फ फार मारावा लागतो आणि एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही, असं असेल तर रात्री डिझेल टाकीकडे परत उतरतंय आणि नळीत हवा शिरतेय. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेलची नळी तात्पुरती लाव आणि इंजिन चालू ठेवून बघ. बुडबुड्यांची माळ दिसली तर तिथून मागं मागं जात चोर शोध. बहुतेक वेळा तो कडक झालेल्या रबरी नळीत, ढिल्या क्लिपमध्ये नाही तर बँजो बोल्टच्या तांब्याच्या वायसरमध्ये सापडतो. वायसर एकदा आवळून चपटे झाले की पुन्हा नीट बसत नाहीत, खोलशील तेव्हा नवे घाल. आणि गाडी बराखीला चिकटून लावत जाऊ नकोस. कांद्याच्या बराखीत उंदीर असतातच, आणि नळी कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते.

हवा काढायची रीत तुला येते, पण घाई करतोस. फिल्टरवरचा स्क्रू सैल कर, प्राइमर दाबत राहा. फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळ. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर मारू नकोस, मध्ये मिनिटभर थांब. हवा काढायच्या नादात सेल्फची मोटर जळालेल्या गाड्या मी पाहिल्यात.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर कॅनची परीक्षा. पाच लिटरच्या धुतलेल्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घे, तो इंजिनापेक्षा थोडा उंच बांध, त्यातून नळी थेट फिल्टरला दे आणि रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोड. उभ्या गाडीवर रेस देऊन बघ. दुखणं गेलं तर दोष टाकीत किंवा मागच्या नळीत, पंपाला हात लावायचं कारण नाही. दुखणं राहिलं तर मात्र पुढं सरक.

पुढं म्हणजे काय? चावी फिरवल्यावर पंपावरच्या सोलेनॉइडची 'टिक' ऐकू येते का बघ. टिक नसेल तर वायर सुटलेली असेल. धुराकडेही लक्ष दे. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग हीटर प्लग, नोझल आणि कॉम्प्रेशनकडे जा. ओझ्यावर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर आधी झटक. निळा धूर ऑइलचा, तो डिझेलच्या वाटेचा नाही. इंजिन एका सिलिंडरवर मिसिंग करत असेल तर आयडलवर ठेवून नोझलच्या नळीचा एकेक नट किंचित सैल कर, वर फडकं धर. ज्या नटानं आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी.

पण हे फक्त तुझ्या गाडीसारख्या जुन्या यांत्रिक पंपावर. मित्राची नवी कॉमन रेल गाडी समोर आली तर हे कदापि करू नकोस. टायरमध्ये चार-पाच बार दाब असतो, तिथं हजार बारच्या वर असतो. सैल नटातून उडणारी बारीक धार हातात घुसते आणि वरून टोचल्यासारखा ठिपकाच दिसतो. तसं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, तडक दवाखान्यात जायचं आणि डिझेल घुसलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

पंपाला जपायचं का, तेही सांगतो. आतला प्लंजर आणि त्याचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. शिवाय तुझ्या गाडीच्या पंपाला वेगळं ऑइल नाही, डिझेलच त्याचं वंगण. म्हणून पाण्यानं तो गंजतो, रॉकेल मिसळलेल्या डिझेलनं कोरडा घासतो आणि कचऱ्यानं ओरखडतो. स्वस्तात मिळतं म्हणून कुणाच्या बॅरलमधलं डिझेल घेऊ नकोस. पेट्रोल पंपावर शंका आली तर घनता मोजून मागायचा आणि पाच लिटरच्या मापानं माप तपासायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. भांडू नकोस, शांतपणे माग.

नेमाच्या गोष्टी चारच. पावसाळ्यात रात्री टाकी भरलेली ठेव, रिकाम्या जागेतली ओली हवा गारठून पाणी धरते. डिझेलचा काटा जुना झालाय, त्याच्यावर विसंबू नकोस, पाव टाकीच्या खाली जाऊच देऊ नकोस. फिल्टरचं पाणी दर आठवड्याला काढ. आणि फिल्टर दहा हजार किलोमीटरच्या पुढं नेऊ नकोस. नवा फिल्टर भरताना मधल्या भोकातून डिझेल ओतू नकोस. ती गाळलेल्या डिझेलची बाजू, तिथं गेलेला कचरा थेट पंपात जातो. शिवाय एक छोटी वही गाडीत ठेव आणि तारीख, किलोमीटर, काय बदललं, एवढं लिहीत जा.

टाकीला भोक पडलं तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नकोस. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ कोंडलेली असते.

तू म्हणशील, मामा एवढ्याशा नळीचं पुराण लावतो. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला होता. अशा दिवशी घाटात उभी राहिलेली गाडी एका सकाळीत किती घालवते, त्याचा हिशोब तूच कर. आणि माल बहुतेक वेळा दुसऱ्या शेतकऱ्याचा असतो. त्याला क्लिप ढिली होती म्हणून सांगता येत नाही.

मृग लागायच्या आत एका रविवारी ये. त्या दिवसापुरतं टाकीत डिझेल थोडंच ठेव, म्हणजे उतरवायला हलकी जाईल. डिझेलची नळी चार फूट, सहा क्लिपा, तांब्याच्या वायसरचा एक संच आणि फिल्टर घेऊन ये. टाकी धुवायचं काम दोघं मिळून अंगणात करू, बिडी-काडीवाल्यांना त्या दिवशी लांब बसवू. तोवर घाटातली, भीमाशंकरच्या बाजूची भाडी घेऊ नकोस, मंचर-नारायणगाव कर. आणि सगळ्यात आधी, येताना वाटेत टाकीचं झाकण विकत घे. भोक असलेलंच घे.

तुझा मामा